ठोके मोजणारं घड्याळ: धावणं, सायकल आणि सह्याद्रीतले ट्रेक — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं तरी कसं?

घड्याळ उलटं करून पाहिलं तर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेवढ्या क्षणी जास्त प्रकाश शोषला जातो आणि दिव्याशेजारच्या सेन्सरकडे कमी परततो. हा चढउतार मिनिटाला किती वेळा झाला ते घड्याळ मोजतं. त्याचा हृदयाशी थेट संबंध येत नाही, ते मनगटातलं रक्त पाहतं. त्याच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात: थंडीने मनगटात रक्त कमी आलं, घड्याळ हललं किंवा कडेने ऊन आत शिरलं, की आकडा बिघडतो.

छातीवर बांधायचा पट्टा वेगळ्या तत्त्वावर चालतो. हृदयाचा प्रत्येक ठोका हा एक विद्युत संकेत असतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड तो त्वचेवरून टिपतात, ईसीजीत होतं तसंच. खेळाडूंसाठी असे बिनतारी पट्टे १९८०च्या दशकात बाजारात आले. फिनलंडची पोलार ही कंपनी त्यात अग्रेसर होती. अचूकतेत पट्टा आजही मनगटाच्या पुढे आहे.

मग पट्टा घ्यायलाच हवा का?

तुम्ही काय करता त्यावर आहे. एका लयीत चालणं, सावकाश धावणं, दिवसभराचा ट्रेक यांना मनगटावरचं घड्याळ पुरतं. सायकलवर हॅंडल आवळून धरल्याने मनगट दुमडतं, रस्त्याचे हादरे बसतात आणि आकडा भरकटतो. व्यायामशाळेत वजन उचलताना तेच होतं. जोरात धाव, थोडी विश्रांती, पुन्हा जोरात धाव अशा इंटरव्हलमध्ये मनगटाचा सेन्सर मागे पडतो. या तिन्हींसाठी पट्टा घ्या. छातीला पट्टा सहन होत नसेल तर दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा सेन्सर हा मधला मार्ग आहे. तिथे मांसल भाग असतो आणि हालचाल कमी होते.

विकत घेण्यापूर्वी एवढं बघा की पट्टा ब्लूटूथ आणि अँट प्लस या बिनतारी जोडणीच्या दोन्ही पद्धतींवर चालतो. मग तो घड्याळाला, सायकलच्या कॉम्प्युटरला आणि फोनला सारखाच जोडता येतो.

घड्याळ नक्की कुठे आणि किती घट्ट बांधावं?

करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं, त्याच्या दोन बोटं वर, कोपराच्या दिशेने. हाडावर बांधलं तर खाली फट राहते. हात झटकला तरी घड्याळ सरकू नये, पण बोटांना मुंग्याही येऊ नयेत. व्यायाम सुरू करण्यापूर्वी पट्टा एक भोक आवळा आणि संपल्यावर सैल करा. दिवसभर त्याच घट्टपणाने घालू नका.

सेन्सरच्या जागी गडद शाईचं गोंदण असेल तर दुसऱ्या हातात बांधा. विंडचीटरच्या बाहीवरून घड्याळ घालून आकडा मिळत नाही, हे पावसात अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

मी रमतगमत पळतोय, गप्पाही मारतोय आणि घड्याळ १७२ दाखवतंय. घाबरायचं का?

बहुधा घड्याळ ठोके नाही, तुमची पावलं मोजतंय. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात आणि प्रत्येक पावलासरशी मनगटाला हिसका बसतो. रक्ताच्या लाटेचा संकेत कमजोर असला की घड्याळ या हिसक्यालाच ठोका समजून बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. घरी आल्यावर ॲपमध्ये ठोक्यांचा आणि पावलांच्या गतीचा आलेख एकाखाली एक लावा. दोन्ही रेषा चिकटून चालल्या असतील तर तो आकडा खोटा.

वाटेत असं झालं तर थांबा, घड्याळ आवळून जरा वर सरकवा आणि हात २०–३० सेकंद स्थिर धरा. बहुतेक वेळा आकडा खाली येतो. तरी शंका राहिली तर बोटांनी मोजा: मनगटात अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मानेपाशी मोजणार असाल तर एकाच बाजूला आणि हलक्या हाताने.

उलटही घडतं. जीव खाऊन चढताय आणि घड्याळ ९५वर अडकलंय. तेव्हा ‘अजून बराच दम शिल्लक आहे’ असं समजून वेग वाढवू नका. धाप आणि आकडा जुळत नसतील तर विश्वास धापेवर ठेवा.

हिवाळ्यात पहाटे पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात.

थंडीत शरीर हातापायांच्या त्वचेकडचं रक्त आत खेचून घेतं, त्यामुळे सेन्सरला पाहायला काही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडच्या पहाटे हे हमखास होतं. घरातच पाच-दहा मिनिटं अंग गरम करा, घड्याळ बाहीखाली ठेवा आणि घरातून निघण्यापूर्वी आकडा येतोय याची खात्री करा.

माझा छातीचा पट्टाही सुरुवातीला २१०–२२० दाखवतो आणि मग शुद्धीवर येतो. का?

कोरडेपणा. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये ओल हवी. घाम यायला लागला की पट्टा सुधारतो, त्यामुळे घामाची वाट न पाहता इलेक्ट्रोडचे दोन्ही पट्टे आधीच पाण्याने नीट ओले करा. घाईत थुंकी लावली तरी चालते, मात्र क्रीम किंवा लोशन लावू नका. कोरड्या हवेत सैल सिंथेटिक टीशर्ट फडफडला की स्थिर वीज तयार होते आणि तिचे झटके पट्टा ठोक्यांत धरतो. अंगालगत बसणारा टीशर्ट घातला की हे बरंचसं थांबतं. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर बसायला हवा.

आधी नीट चालणारा पट्टा हळूहळू बिघडत गेला तर आधी बटण सेल बदला. बहुतेक पट्ट्यांत सीआर २०३२ असतो. तरीही सुधारला नाही तर इलेक्ट्रोडवर मिठाचा थर बसला असेल. प्रत्येक व्यायामानंतर सेन्सरचा डबा काढून ठेवा, कारण ओल्या पट्ट्याला लावून ठेवला तर तो चालूच राहतो आणि सेल संपतो. पट्टा साध्या पाण्यात खळबळून घ्या, आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा आणि सावलीत वाळवा. पिळू नका. इतकं करूनही कापडी पट्टा कधीतरी संपतोच. बहुतेक वेळा तेवढा पट्टा वेगळा मिळतो, डबा नवा घ्यावा लागत नाही.

माझे कमाल ठोके किती? २२० वजा वय बरोबर आहे का?

बाकीचं सगळं गणित या आकड्यावर उभं असल्याने इथे जरा सविस्तर सांगायला हवं.

२२० वजा वय हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे, एवढाच त्याचा मोठा गुण. २००१मध्ये प्रसिद्ध झालेलं दुसरं सूत्र आहे २०८ वजा वयाच्या ०.७ पट. पंचेचाळिशीला दोन्ही जवळपास एकच उत्तर देतात, १७५ आणि १७६–१७७. साठीला मात्र पहिलं १६० म्हणतं आणि दुसरं १६६. सूत्र कोणतंही घ्या, ते सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० ठोक्यांचा फरक सहज असतो आणि त्याचा फिटनेसशी संबंध नसतो. कमाल ठोके बहुतांशी जन्मजात असतात आणि वयाबरोबर उतरत जातात.

नियमित धावणाऱ्या निरोगी माणसाला चढावर स्वतःचा आकडा काढता येतो. १५–२० मिनिटं सावकाश धावून अंग पूर्ण गरम करा. मग दोन-तीन मिनिटांचा चढ जोरात चढा, चालत खाली या, आणि असं तीनदा करा. तिसऱ्या खेपेला शेवटचा एक मिनिट शरीरात असेल तेवढं लावा. पट्ट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा तुमच्या कमाल ठोक्यांच्या अगदी जवळ असेल. मनगटाच्या सेन्सरवर ही चाचणी करू नका, पावलं मोजणारं घड्याळ तुम्हाला भलताच आकडा देईल. सायकलवरचा कमाल आकडा धावण्यापेक्षा बहुधा पाच-दहा ठोके कमी निघतो, म्हणून सायकलचे झोन, म्हणजे व्यायामाच्या जोरानुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, वेगळे ठेवावेत.

चाळिशी ओलांडून नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी ही चाचणी स्वतःच्या मनाने करू नये. आधी डॉक्टरांना दाखवा. ते ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील, ती देखरेखीखाली होते.

ॲपमध्ये झोन दोन १०७ ते १२५ आहे आणि मित्राच्या ॲपमध्ये त्याच वयाला १३० ते १४२. कोण चूक?

कोणीच नाही, दोघांची पद्धत वेगळी आहे. एक पद्धत कमाल ठोक्यांची सरळ टक्केवारी काढते. दुसरी पद्धत फिनलंडच्या कार्व्होनेन यांची. ती कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे (पूर्ण शांत असतानाचे) ठोके वजा करते, उरलेल्याची टक्केवारी काढते आणि विश्रांतीचे ठोके परत मिळवते. समजा कमाल १७८ आणि विश्रांतीचे ५८. मधलं अंतर १२०. त्याचे ६० टक्के ७२, त्यात ५८ मिळवले की १३०. सत्तर टक्के म्हणजे ८४ अधिक ५८, १४२. सरळ टक्केवारीने मात्र १७८चे ६० ते ७० टक्के म्हणजे १०७ ते १२५. झोनचं नाव एकच, पण दोन्हींत वीसेक ठोक्यांचं अंतर.

त्यामुळे कुणी ‘झोन दोनमध्ये पळ’ म्हटलं की कोणत्या पद्धतीचा झोन, हे आधी विचारा. आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण तिच्यात तुमचे विश्रांतीचे ठोके धरले जातात. घड्याळाच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते. कमाल आणि विश्रांतीचे ठोके स्वतः भरा, कंपनीने आधीच भरलेल्या आकड्यांवर राहू नका.

सोप्या झोनमध्ये राहायचं म्हटलं तर मला चालावंच लागतं. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. दोन मिनिटं धावा, एक मिनिट चाला. दम न लागता पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर तुम्ही योग्य जागी आहात. तीन-चार शब्दांनी श्वास घ्यावा लागला की वर गेलात. आठवड्यातला बराचसा व्यायाम इथेच व्हायला हवा. त्याच ठोक्यांवर तुमचा वेग महिन्यागणिक वाढतोय का, हे बघण्यासाठी घड्याळासारखं दुसरं साधन नाही.

इंटरव्हल करताना ठोके झोन पाचपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या टप्प्यापर्यंत, पोचतच नाहीत.

वेग वाढवल्यावर ठोके वर यायला अर्धा ते एक मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. ३० सेकंदांच्या धावेत आकडा अर्ध्यावर असतानाच धाव संपते. छोट्या धावा वेगावर किंवा चढावर मोजा. ठोक्यांचा उपयोग दोन धावांमधल्या विश्रांतीसाठी करा: ते ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरले की पुढची धाव.

सिंहगड चढताना ठोके लगेच १६०वर जातात. चढू की थांबू?

चढा, पण सावकाश. ट्रेकमधली सर्वांत मोठी चूक पहिल्या अर्ध्या तासात होते. सगळे ताजेतवाने असतात, म्होरक्याच्या मागे पळत सुटतात आणि पहिल्याच सोंडेवर पाय भरून येतात. घड्याळात वरच्या मर्यादेचा इशारा लावा, उदाहरणार्थ कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांवर. घड्याळ थरथरलं की थांबू नका, पावलं आखूड करा. पाच-सहा तासांच्या ट्रेकमध्ये तालात चालणारा माणूस धावून-थांबून जाणाऱ्याच्या आधी माथ्यावर पोचतो आणि उतरण्यासाठी त्याच्या पायांत ताकदही उरते.

पाठीवर आठ-दहा किलोची सॅक असेल तर त्याच चढाला ठोके जास्त पडणार, हे धरून चाला. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा दोर धरून कातळ चढताना मनगट आवळलेलं असतं, तिथला आकडा सोडून द्या. दोराचं काम असेल तर घड्याळ काढून सॅकच्या पट्ट्याला अडकवा. दोराखाली किंवा कातळाच्या चिरेत अडकलेलं घड्याळ मनगटाला इजा करतं.

उतरताना आकडा एकदम सौम्य होतो. त्यावर जाऊ नका. मांड्या आणि गुडघे तेव्हाच सर्वांत जास्त मार खातात आणि तो कोणत्याही घड्याळात दिसत नाही.

तोच रस्ता, तोच वेग, पण तासाभरानंतर ठोके १५ने वाढलेले. माझा दम कमी झाला का?

नाही. उन्हात आणि दमट हवेत शरीर थंड ठेवायला बरंच रक्त त्वचेकडे जातं, घामाने रक्तातलं पाणीही घटतं. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय जास्त वेळा ठोके देतं. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हे वर्षभर जाणवतं, बाकी महाराष्ट्रात मार्चनंतर आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात. अशा दिवशी वेग धरून ठेवू नका, ठोके धरून ठेवा आणि वेग कमी होऊ द्या. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, सूर्य वर आलेला असतो. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये ठोके राखून धावलेल्यालाच तिथे त्याचा फायदा दिसतो.

पावसात आणि पोहताना चालेल का?

पाच एटीएम, म्हणजे पन्नास मीटर पाण्याइतका दाब, असं लिहिलेलं घड्याळ पावसाला आणि पोहण्याला पुरतं. हा आकडा स्थिर दाबाचा असतो, पन्नास मीटर खोल बुडी मारायची परवानगी नसते. पाण्याखाली बटणं दाबू नका, गरम पाणी आणि साबणापासून जपा, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. मुसळधार पावसात थेंबांनी टचस्क्रीन आपोआप दाबला जातो आणि नोंद मध्येच बंद पडते, म्हणून ट्रेक सुरू करतानाच स्क्रीन लॉक करा.

ब्लूटूथचा संदेश पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातो. पोहताना ठोके हवे असतील तर स्वतःच्या मेमरीत नोंद ठेवणारा पट्टा घ्यावा लागतो. बाहेर आल्यावर तो माहिती घड्याळाकडे पाठवतो.

गडावर मुक्काम केला आणि सकाळी घड्याळ म्हणतं मी ४० मीटर चढलो!

उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. रात्रीत दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं एकक) बदलला तरी साधारण आठ-नऊ मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात हे जास्त होतं. उंची माहीत असलेल्या ठिकाणी घड्याळ जुळवून घ्या, कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटर. दाब मोजणारं बारीक भोक घामाने किंवा सनस्क्रीनने बुजलं तरी उंची चुकते. ते पाण्याने धुवा, सुई घालू नका.

सांधण दरीसारख्या अरुंद जागी जीपीएसचे संकेत कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे अंतर फुगतं. निघताना मोकळ्यावर उभं राहून जीपीएस लागल्यावरच नोंद सुरू करा.

बॅटरी दोन दिवसांच्या ट्रेकला पुरेल का?

घड्याळाच्या खोक्यावर छापलेला आकडा बाजूला ठेवा. दोन तासांच्या फेरीत किती टक्के गेली ते पाहा. १२ टक्के गेली असेल तर तासाला सहा, दहा तासांना ६०. सतत चालू राहणारा स्क्रीन, फोनच्या सूचना, गाणी आणि रात्रीचं ऑक्सिजन मोजणं बंद केलं की बरीच वाचते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री घड्याळ स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

हिमालयात जातोय. झोन तेच ठेवू का?

नाही. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवर पहिले काही दिवस विश्रांतीचे ठोके वाढलेले असतात आणि कमाल ठोके उतरतात. बोलता येईल अशा चालीने चाला. मनगटावरचा ऑक्सिजनचा आकडा गार हातावर अगदीच बेभरवशाचा असतो. तो ९५ असला तरी डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर वर जाऊ नका. तोल जायला लागलेल्या माणसाला त्याच वेळी खाली न्यायला हवं, सकाळची वाट पाहू नये.

रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोन पाळू का?

गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल, म्हणजे ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी, तर ती ठोके वर जाऊच देत नाही. सूत्रातले झोन तुम्हाला लागू पडत नाहीत आणि आकडा गाठायचा म्हणून जोर लावणं धोक्याचं आहे. बोलण्याची कसोटी वापरा आणि मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घड्याळासाठी गोळी चुकवू नका.

सकाळचे ठोके रोज बघावेत का?

जाग आल्यावर, उठण्यापूर्वी, रोज त्याच वेळी बघा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, दोन-तीन आठवड्यांत तुमची नेहमीची पातळी कळते. त्यापेक्षा सात-आठने जास्त दिसले तर ताप येऊ घातलाय, झोप झालेली नाही, आदल्या रात्री मद्य झालंय किंवा व्यायाम अति झालाय. त्या दिवशी हलकं चाला.

कॅलरी आणि व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) यांचे आकडे मात्र अंदाज असतात. कॅलरी पाहून जेवणाचं गणित मांडू नका.

घड्याळ कोणता धोका ओळखू शकतं?

काही घड्याळं अनियमित ठोक्यांचा इशारा देतात. शांत बसलेलं असताना तो पुन्हा पुन्हा आला तर ईसीजी काढून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झालं तर आकडा बघत बसू नका. जागच्या जागी बसा, सोबत्याला सांगा आणि १०८ला फोन करा. घड्याळ सगळं ठीक दाखवत असलं तरीही.

मनगटावर लाल चट्टा उठलाय.

बहुतेक वेळा कारण ओल असतं. घाम आणि साबण पट्ट्याखाली साचून त्वचा सोलवटते. अंघोळीआधी घड्याळ काढा, पट्टा धुऊन पूर्ण कोरडा करा आणि चट्टा जाईपर्यंत दुसऱ्या हातात घाला. बकल लागतं तेवढ्याच जागी खाज येत असेल तर धातूतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. नायलॉनचा, वेल्क्रोने बंद होणारा पट्टा लावून पाहा.